पुढच्या खोलीची वाट

माझ्या आधी अत्ते जातील, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. अत्तेंनीसुद्धा.

अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. बेंगळूरमधल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत सासूला कन्नडसारखं अत्तेच म्हणतात. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशीच्या होत्या आणि मी पासष्टची. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. चामराजपेटच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो.

आता माझे उपचार संपलेत. ज्यांचे चालू आहेत त्यांच्यासाठी काहीतरी लिहा, असं माझी सून केतकी सारखी म्हणत होती. औषधांबद्दल मी लिहिणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला लिहावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि ती आजाराच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

वय झालं

वर्षभर मला दम लागत होता. गांधी बझारला भाजीला गेले की परत येताना दोनदा थांबावं लागायचं. पहिल्यांदा थांबले तेव्हा फुलवाल्या बाईनं आपलं स्टूल पुढं केलं आणि म्हणाली, "वय झालं की अक्का, हळू चला." मला ते पटलं. मग मीच सगळ्यांना सांगायला लागले, वय झालं. अन्नावरची वासना गेली, वय झालं. दुपारी डोळा लागतो, वय झालं. शौचाला मधूनमधून रक्त पडायचं. त्याला मूळव्याध असं नाव देऊन मी मोकळी झाले. आमच्या घरात सगळ्यांत म्हातारं माणूस अठ्ठ्याऐंशीचं होतं आणि ते रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसायचं. पण वय झालं असं मी माझ्याबद्दल बोलत होते.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, मुलगा आणि सून आले. मुलगा राघवेंद्र, घरात राघू. दोघं सर्जापूर रोडला राहतात. केतकी पुण्याची. ओबट्टू म्हणजे पुरणपोळी वाढताना माझा हात तिच्या पानावर आला आणि ती बघतच राहिली.

"आई, तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत जातायत. कधीपासून?"

"वय झालं गं."

"वयानं बांगड्या मोठ्या होत नाहीत. उद्या ब्लड टेस्ट करू."

मी खूप कटकट केली. तिनं ऐकलं नाही. रिपोर्ट आला, रक्त फारच कमी होतं. तो बघून तिनं ऑफिसला रजा टाकली, आणि मग एकामागून एक तपासण्या झाल्या. शेवटी आतड्याच्या तपासणीत गाठ सापडली.

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मला मुलगी नाही, पण असती तर एवढी असती. त्यांनी विचारलं, "अम्मा, हे कधीपासून होतंय?"

"वर्ष झालं असेल."

"मग आला का नाहीत?"

"वाटलं, वय झालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पासष्टला रक्त आपोआप कमी होत नाही, अम्मा. आत काहीतरी बिघडलं की होतं. वर्षभर आधी आला असता तर कदाचित नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता पुढं केमोही द्यावी लागेल."

त्या दिवशी मला मरणाची भीती फारशी वाटली नाही. ती नंतर आली, एकदम साध्या वेळी, डाळीला फोडणी देताना. त्या दिवशी फक्त तेवढं एक वर्ष डोक्यात घोळत होतं. किती सहज जाता आलं असतं मला. आमच्या घरापासून दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे.

अत्तेंना सांगणं

राघूचं मत होतं, अज्जीला काही सांगू नये. पण एका घरात दोघी राहतो, काय लपणार? मी पुढच्या खोलीत गेले. अत्ते खिडकीशी बसल्या होत्या.

"कॅन्सर आहे म्हणतात," मी म्हणाले.

"कुणाला?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग राघूकडे बघितलं. "काहीतरी चुकलंय. जाताना तू माझं कार्ड नेलं होतंस का? त्यांना वाटलं असेल माझंच आहे."

"नाही अत्ते. माझंच कार्ड होतं."

"परत विचारा," त्या राघूला म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी कुणाची, ते त्यांना नीट सांग."

तोवर कुणी रडलं नव्हतं. राघू तिथंच जमिनीवर बसला आणि रडला.

दोन म्हाताऱ्या कुठं ठेवायच्या

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. त्याबद्दल एवढंच सांगते की दुखणं सोसता येतं, पण आपल्याला कुणीतरी पुसतंय, कुणीतरी उठवतंय, हे सोसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी एक मलयाळी नर्स मला कॉरिडॉरमध्ये चालवत होती. मी म्हणाले, "सोड, पडेन मी." ती म्हणाली, "मी असताना कशा पडाल?" त्या एका वाक्यावर मी पुढचे किती दिवस काढले.

खरा प्रश्न घरी होता. चामराजपेटच्या घरात मला बघणारं कुणी नव्हतं, कारण त्या घरात बघणारी मीच होते. मी राघूकडे जायचं ठरलं. मग अत्तेंचं काय? राघूच्या फ्लॅटमध्ये एकच जास्तीची खोली आहे. एका दुपारी मी त्याच खोलीत पडले होते आणि बाहेर दोघांचं बोलणं चाललं होतं. त्यांना वाटलं मी झोपलेय.

"अज्जीला तीन महिन्यांपुरतं कुठंतरी ठेवू या," राघू म्हणत होता. "चांगली होम्स आहेत. नर्स असते, सगळं असतं."

"आणि आजींना काय सांगायचं? तुमची सून आजारी पडली म्हणून तुम्ही जा?"

"केतकी, मला बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून घरी यायला दीड तास लागतो. तू टीम सांभाळतेस. दोन पेशंट कोण बघणार?"

"आजी पेशंट नाहीत," केतकी म्हणाली. "त्यांना काहीच झालेलं नाहीये, राघव. आपण त्यांना उगाच पेशंट म्हणतोय."

राघूनं खुर्ची सरकवली. मग केतकी म्हणाली, "त्याच खोलीत दुसरा पलंग टाकू. महिनाभर बघू."

तशा अत्ते अकराव्या मजल्यावर राहायला आल्या. एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. लग्न होऊन मी चामराजपेटच्या घरात आल्यापासून आम्ही दोघी कधी एका खोलीत झोपलो नव्हतो.

थंडी

मला जी केमो दिली तिचा एक त्रास असा की थंड काही चालत नाही. नळाचं पाणी बोटांना लागलं की काचा टोचल्यासारखं होतं. फ्रिज उघडायला हातमोजे घालायचे. स्टीलचा पेला धरवत नाही. पाणी कोमट प्यायचं, नाहीतर घसा आवळल्यासारखा होतो. हे मला आधी सांगितलं होतं, पण ऐकणं निराळं. तुमचीही हीच औषधं असतील तर घरात एक लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा पेला आणून ठेवा. आमच्याकडे तो अत्तेंनी शोधला. केतकीच्या स्वयंपाकघरात सगळे डबे उघडून त्यांनी एक जुना प्लॅस्टिकचा मग काढला आणि म्हणाल्या, "ह्यात पी."

त्या दिवसापासून स्वयंपाकघर हळूहळू त्यांच्याकडे गेलं. चामराजपेटला मी त्यांना गॅसजवळ येऊ देत नव्हते. पडतील, भाजतील, लोक काय म्हणतील. राघूकडे दिवसभर घरात कुणी नसायचं, म्हणून कुणी अडवलं नाही. त्या गंजी, म्हणजे पातळ पेज, करायच्या, त्यात थोडं मीठ आणि ताक. ते ताक आधी उबेला ठेवायच्या, थंड लागू नये म्हणून. मला वाटलं होतं त्यांना उभं राहवणार नाही. त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि थकल्या की बसायच्या. एवढंच होतं. आपणहून थकणं, आपणहून बसणं. मी त्यांच्याकडून किती वर्षांपूर्वी तेवढंही काढून घेतलं होतं, ते मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवेना.

पेशंट कोण?

केमोच्या एका दिवशी राघूला सुट्टी मिळाली नाही आणि केतकीला ताप आला. मी पुढं ढकलू म्हणाले. अत्ते म्हणाल्या, "मी येते. नुसतं बसायचंच आहे की नाही?" केतकीनं कॅब बोलावून दिली आणि आम्ही दोघी गेलो.

नवी नर्स होती. तिनं आम्हाला बघितलं, अत्तेंना हात धरून आरामखुर्चीत बसवलं, त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली आणि ब्लड प्रेशर घेतलं. अत्ते गप्प बसून राहिल्या. ती सुई आणायला वळली तेव्हा म्हणाल्या, "मी नव्हे गं. ही."

नर्सचा चेहरा उतरला. मला हसू आलं आणि पोटावरची टाक्यांची जागा ओढली गेली. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थही हसले. पण माझी नळी लावून झाल्यावर अत्ते हसत नव्हत्या.

"तिचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "मलाच यायला हवं होतं हे."

"असं बोलू नका."

"बोलते. आता बोलायला बरं आहे, तू उठून जाऊ शकत नाहीस." त्यांनी पदर सारखा केला. "तू माझ्या खोलीची वाट बघत होतीस. मला ठाऊक आहे."

खरं होतं ते.

माझे वडील शिंपी. चिकपेटच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दहावीच्या आधीच मला ब्लाउजची कटिंग येत होती. पण मी विमा कंपनीत नोकरीला लागले आणि शिवण मागं पडलं. निवृत्त झाल्यावर घरात शिवणवर्ग काढायचा, असं मी ठरवलं होतं. रस्त्याकडची पुढची खोली, मोठी खिडकी, उजेड, बायका बाहेरच्या बाहेर येतील जातील. पण त्या खोलीत अत्ते होत्या. त्यांना जिना चढवत नव्हता. मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा त्या त्र्याऐंशीच्या. सगळे मला म्हणाले, आता थोडी वर्षं त्यांचं कर, मग तू मोकळीच. त्यात कुणाला वाईट काही वाटलं नाही, मलाही नाही. मशीन जिन्याखाली झाकून ठेवलं होतं. त्यांनी जावं अशी इच्छा मी कधी केली नाही, हे देवाशपथ सांगते. मी नुसतं पुढचं सगळं त्यांच्या जाण्याच्या पलीकडे ठेवलं होतं.

"मी पण वाट बघत होते," अत्ते म्हणाल्या. "तुझे सासरे गेले तेव्हा मी बासष्टची. वाटलं, आता आपलं काय राहिलं? दागिने वाटून टाकले. बाहेर जाणं बंद केलं. रात्रीचं जेवण सोडलं. न्यायच्या वेळी नेसवायला म्हणून कोरं पातळ आणून पेटीत ठेवलं. ते ठेवून ठेवून पिवळं पडलं, गं. मग दुसरं आणलं. आत्ता आहे ते तिसरं आहे."

समोर थेंब थेंब औषध पडत होतं. हॉलमध्ये टीव्हीवर कुणी आवाज बंद करून बातम्या लावल्या होत्या.

"सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढ्यात एक पोर जन्माला येऊन, शिकून, लग्न होऊन जाते."

घरी परतताना कॅबमध्ये त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार असेल म्हणून मी दचकले. पण त्यांनी तो आधी पदरात धरून ऊब दिली होती.

घरी

उपचार संपले. स्कॅन चांगला आला. आम्ही दोघी चामराजपेटला परतलो. आल्या आल्या अत्तेंनी राघूला सांगितलं, "माझा पलंग भिंतीला लाव. खिडकीकडं मशीन मांड." राघूनं सकाळच्या वेळात ते केलं. खोली दोघींना पुरली. आधीची पाच वर्षंही ती दोघींना पुरली असती. हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. अकराव्या मजल्यावर दोन पलंग टाकावे लागले तेव्हा कळलं.

पण माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. औषधाचा परिणाम. थंडीचा त्रास गेला, बधिरपणा राहिला. काहींचा हळूहळू कमी होतो म्हणतात, काहींचा राहतो. पहिल्या दिवशी मी सुईत दोरा ओवायला बसले. सुई बोटांतून कधी पडली ते कळलंच नाही. मी रिकामी चिमूट धरून दोरा ओवत होते. अत्तेंनी ते बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

गल्लीतल्या दोघीतिघी आता दुपारच्या येतात. मी तोंडानं सांगते, त्या कापतात. शिकतात त्या, नाही असं नाही. पण कापड हाताला सांगतं ते तोंडाला सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी मला कधी तोंडानं शिकवलं नव्हतं. आजारी नसताना, बोटं शाबूत असताना मी ती सगळी वर्षं घरात होते, हे मनातून जात नाही. ह्याला मी कुणाला दोष देऊ? कुणी कुणाला मुद्दाम अडवलं नव्हतं. म्हातारपण म्हणजे थोडी वर्षं, एवढ्याच अंदाजानं आम्ही सगळे चाललो होतो.

आनेकल

पुढच्या तपासणीला अत्ते हट्टानं बरोबर आल्या. माझं झाल्यावर डॉक्टर बाईंना म्हणाल्या, "मलाही एकदा बघा." बाईंनी हसत हसत ब्लड प्रेशर घेतलं, छाती तपासली, चालून दाखवायला सांगितलं. म्हणाल्या, "अज्जी, तुम्ही तर शंभरी गाठाल."

अत्तेंना आनंद होईल असं त्यांना वाटलं असावं. अत्ते उठल्या आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी औषधं घेऊन आले तरी तशाच.

"हे बासष्टाव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

मग थोड्या वेळानं विचारलं, "मार्केटहून आनेकलला अजून बस जाते का?"

आनेकल त्यांचं माहेर. भाऊ केव्हाच वारले, घर विकलं गेलं. त्यांची एक बालमैत्रीण तिथं होती, पुट्टम्मा. गल्लीतच वाढली, गल्लीतच दिली. अत्ते बाहेर पडायच्या थांबल्या तेव्हापासून त्यांची भेट नव्हती. राघू म्हणाला रविवारी गाडीनं नेतो. पण अत्तेंना रविवारपर्यंत थांबायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही बसनं निघालो. कंडक्टरनं फुकटच्या तिकिटासाठी त्यांचं आधार कार्ड बघितलं, परत बघितलं. "एंबत्तेंटा, अज्जी?" "एंबत्तोंबत्तु," अत्ते म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी नव्हे, एकोणनव्वद. एक वर्ष कमी धरलेलं त्यांना चाललं नाही.

गल्ली त्यांना सापडली. जुन्या कौलारू घराच्या जागी दोन मजले झाले होते, खाली मोबाइलचं दुकान. वरून एक बाई उतरली, साधारण माझ्याच वयाची. पुट्टम्माची सून. अत्तेंनी नाव सांगितलं तशी तिनं तोंडावर हात ठेवला.

"रुक्कू तुम्हीच?" ती कन्नडमध्ये म्हणाली. "आमच्या अत्ते मागच्या दिवाळीत गेल्या."

तिनं आम्हाला वर नेऊन कॉफी दिली. शेवटपर्यंत त्या रोज तळ्यापर्यंत चालत जायच्या, असं सांगत होती. "दर सणाला विचारायच्या, बेंगळूरला माझी रुक्कू असेल का गं? मीच म्हणायचे, अत्ते, आता कुठल्या असणार त्या? एवढी वर्षं कोण राहतं?" बोलता बोलता ती रडायला लागली. अत्तेंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं? मी पण तिच्याबद्दल हेच धरून चालले होते," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. अर्धी वाट बाहेर बघत होत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुझी कोण आहे अशी?"

"अशी म्हणजे?"

"असशील का, म्हणून विचारणारी."

मी विचार केला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर विमला होती. वीस वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला. ती मल्लेश्वरमला राहते. निवृत्त झाल्यावर दोनदा भेटलो, मग अत्तेंना सोडून कसं जायचं म्हणून मी जाणं बंद केलं. माझ्या आजाराचं तिला माहीतही नव्हतं.

"विमला," मी म्हणाले.

"फोन कर."

"घरी जाऊन करते, अत्ते. इथं केवढा आवाज आहे."

"आत्ता कर."

बधिर बोटांनी फोनवर नाव शोधायला वेळ लागतो. दोनदा भलत्यालाच लागला आणि मी कापला. तिसऱ्यांदा रिंग वाजू लागली. वाजत राहिली. मला वाटलं नंबर बदलला असेल, नाहीतर... अत्ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "हॅलो, कोण?"

तोच आवाज. थोडा जाडसर झालेला. मला बोलता येईना. ती परत हॅलो म्हणाली, परत कोण विचारलं, आणि आता ठेवेल असं वाटलं तेवढ्यात अत्तेंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"ठेवू नको गं, स्वल्प थांब. आमची शांता आहे. रडतेय."